परिचारिकेची काळजी कोणी घ्यावी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील दहावीच्या वर्गास ‘मी कोण होणार?’ हा विषय निबंधासाठी दिला होता. विषय जुना आहे आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेलीच येतात: कोणी डॉक्टर होणार, कोणी इंजिनियर, कोणी संगणकाचा तज्ज्ञ, क्वचित् कोणी सैन्यातील अधिकारी. परंतु त्या वह्यांत एका मुलीने लिहिले होते की, आपणांस परिचारिका व्हावयाचे आहे. कारण साधेच होते. तिची आजी महिनाभर रुग्णालयात होती. आणि आजीस जो उतार पडला तो जितका औषधाने, तितकाच एका सिस्टरच्या हाताने पडला, हे त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. निबंध मनापासून लिहिलेला होता, म्हणून आम्ही तो वर्गात वाचून दाखविला.

चार दिवसांनी तिचे वडील आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ शांत आणि विचारी. ते म्हणाले, “सर, मुलीचे कौतुक केलेत, आम्ही आभारी आहोत. पण एवढा विचार तिच्या डोक्यातून काढून टाका. तिला रात्रपाळ्या कराव्या लागतील, पगार बेताचा मिळेल, एखाद्या रुग्णाचा नातेवाईक अंगावर धावून आला तर सोडवावयास कोणी नसेल, आणि एवढे करूनही लोक तिला मान देतीलच असे नाही.”

आम्ही त्यांस त्या वेळी काही उत्तर दिले खरे. सेवाधर्म थोर आहे, दुःखिताचे अश्रू पुसण्यासारखे पुण्य नाही, असे चार शब्द बोललो. आणि ते नमस्कार करून निघून गेले. परंतु ते गेल्यावर आमचे आम्हांसच उमगले की, त्यांनी विचारलेल्या गोष्टींपैकी एकीचेही उत्तर आम्ही दिले नव्हते. त्यांनी पगाराविषयी विचारले आणि आम्ही पुण्याविषयी बोललो. तो अपुरा राहिलेला जबाब आज ह्या पानांवर देण्याचा आमचा विचार आहे; कारण प्रश्न त्या एका पालकाचा नसून आपणां सर्वांचाच आहे.

आमच्यासारख्या मिशनच्या संस्थांत शिकलेल्या माणसांच्या तोंडी ‘सेवा’ हा शब्द फार लवकर येतो. त्यास कारणही आहे. ज्या काळी आपल्याकडील कुलीन म्हणविणारी माणसे परक्याच्या मलमूत्रास हात लावणे विटाळ समजत, त्या काळी मिशनच्या दवाखान्यांतून मुली हे काम शिकू लागल्या. पुढे पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, १९०९ साली स्थापना झाल्यावर, हिंदू कुटुंबांतील स्त्रियांस, विशेषतः विधवांस, ह्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. ह्याही पूर्वी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. ही कथा आम्ही दरवर्षी मुलांस सांगतो आणि ती सांगताना आमचा कंठ दाटून येतो. परंतु अलीकडे आमच्या मनात एक शंका येऊ लागली आहे. सेवा करणाऱ्याने झिजून जावे हाच सेवेचा नियम आहे, असे तर आपण ह्या कथांतून मुलांस नकळत शिकवीत नाही ना? सावित्रीबाईंचे मरण थोर आहे, ह्यात संशय नाही. पण प्लेगाच्या वर्षी एका थोर स्त्रीने जे केले, ते रोजच्या पाळीवरील प्रत्येक मुलीने करावे असे गृहीत धरून रुग्णालये चालविणे, हा न्याय नव्हे.

ही शंका आमच्या मनात प्रथम आली, ती आमच्या मातोश्रींच्या दुखण्यात. दोन वर्षांपूर्वी त्या एका रुग्णालयात होत्या. नाव सांगत नाही. कारण तेथे जे पाहिले ते पुष्कळ ठिकाणी दिसते. रात्री तीनच्या सुमारास त्यांस कूस बदलवून हवी होती. आम्ही घंटा दाबली. परिचारिका आली ती चाळीस मिनिटांनी. आम्ही संतापलो होतो, आणि शिक्षकाच्या तोंडी शोभू नयेत असे शब्द बोललो. तिने उलट उत्तर केले नाही. “चुकले, सर,” एवढेच म्हणून तिने आईला हळुवार वळविले, पाठीस पावडर लाविली, आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. थोड्या वेळाने आम्ही बाहेर येऊन पाहिले, तो तिच्या टेबलावर तिचा डबा न उघडलेला पडला होता. चौकशी केली तेव्हा कळले की, त्या रात्री अठ्ठावीस रुग्णांस ती एकटी परिचारिका होती, आणि मदतीस एक मावशी. सहकारी मुलगी तापाने रजेवर गेली होती व तिच्या जागी कोणीही आलेले नव्हते. आमची आई चाळीस मिनिटे तळमळली, हे खरे; परंतु त्यात त्या मुलीचा अपराध कोणता? आम्ही तिची क्षमा मागितली नाही, ह्याची खंत मात्र आजही आहे.

आता कोणी म्हणेल की, ही एका मुलाची आपल्या आईविषयीची कळवळ झाली; हिच्यावरून सिद्धांत कसा बांधावा? रास्त आहे. म्हणूनच मोजमापाकडे वळले पाहिजे. परिचर्येच्या शास्त्राचा उगमच मुळी मोजमापात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली अडतीस स्त्रियांची तुकडी घेऊन क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेल्या. हातात दिवा घेऊन फिरणारी बाई, एवढीच त्यांची ओळख मुलांच्या पुस्तकांत असते. परंतु युद्ध संपल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडून, आकृत्या काढून, सरकारास दाखवून दिले की, सैनिक गोळीने जितके मेले त्याहून कितीतरी अधिक घाणीने व रोगाने मेले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. दिव्याइतकीच त्यांच्या हातातील पाटी-पेन्सिलही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेच काम पुढे इतरांनी चालविले. अमेरिकेत लिंडा एकेन ह्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनिया प्रांतातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. दहा हजारांहून अधिक परिचारिकांचे जबाब आणि शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला की, एका परिचारिकेकडे सोपविलेल्या रुग्णांत एकाची भर पडली, की तीस दिवसांच्या आत रुग्णाच्या मृत्यूचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. आणि त्याच एका रुग्णाच्या भरीने परिचारिकेचे मन करपून जाण्याचा संभव तेवीस टक्क्यांनी वाढतो. पुढे युरोपातील नऊ देशांत, चार लक्षांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असाच अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथेही आकडा सातच आला. गणित शिकणाऱ्या मुलांनी येथे विचारावे की, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते काय? प्रश्न योग्यच आहे. त्यासाठीच रुग्णालय लहान की मोठे, रुग्ण किती आजारी, ह्यांसारखे फरक हिशेबात धरून मग ही वजाबाकी केलेली असते. आणि निरनिराळ्या देशांत तेच उत्तर येऊ लागले, म्हणजे त्यास योगायोग म्हणणे कठीण होते.

असे का व्हावे, ह्याचेही उत्तर शोधले गेले आहे. बिट्रिस कॅलिश ह्यांनी २००६ साली परिचारिकांसच विचारले की, हात अपुरे पडतात तेव्हा कोणती कामे राहून जातात? उत्तरे आली ती अशी: रुग्णास वेळेवर कुशीवर वळविणे, चालविणे, वेळेवर भरविणे, अंग व तोंड स्वच्छ करणे, धीर देणे, घरी गेल्यावर काय करावे हे समजावून सांगणे, आणि त्याच्यावर सतत नजर ठेवणे. म्हणजे इंजेक्शन टोचले जाते, गोळी दिली जाते, कागद लिहिले जातात. पण ज्याची नोंद कोणी मागत नाही ते गळते. आमच्या आईची कूस बदलावयाची राहिली, ती नेमकी ह्याच यादीतील पहिली गोष्ट. आणि नजर ठेवणे राहिले, म्हणजे रुग्ण खालावू लागला हे तासभर उशिरा कळते; कधी कधी तेवढा तास पुरतो. २००४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की, पाळी साडेबारा तास वा त्याहून लांबली, की चूक होण्याचा संभव जवळजवळ तिप्पट होतो. थकलेल्या बैलास पराणी टोचली, तर तो चार पावले भरभर टाकील. पण नांगराची रेघ सरळ येणार नाही, हे आपल्या नाशिकच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

मनाच्या ह्या करपण्याची लक्षणेही शास्त्रज्ञांनी सांगितली आहेत. प्रथम अतोनात थकवा. मग समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा, जणू तो माणूस नसून खाटेचा क्रमांक आहे. आणि शेवटी, आपल्या हातून काहीच धड होत नाही अशी निराशा. आपण लोक मधली पायरी तेवढी पाहतो आणि म्हणतो, “सिस्टर फार तुसडी आहे.” पहिली पायरी आपल्यास दिसत नाही, कारण ती आपण येण्यापूर्वी, कदाचित् आदल्या सलग तीन रात्रींत, चढून झालेली असते.

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, त्याच रुग्णालयाच्या आवारात, तेथल्याच एका नोकराने अमानुष हल्ला केला. तिच्या मेंदूस कायमची इजा झाली. त्या दिवसापासून १८ मे २०१५ रोजी तिने देह ठेवीपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला सांभाळले. १९७३ साली ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशा मुलींनी तिला भरविले, न्हाऊ घातले, वळविले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या आपल्या निकालपत्रात ह्या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. इतक्या वर्षांत तिच्या अंगास अंथरुणाचा एकही व्रण पडू दिला नाही, ह्याची तेथे नोंद आहे.

ही गोष्ट ऐकून आपण म्हणतो, “धन्य त्यांची सेवा!” आणि ती धन्य आहेच. पण ह्या हकीकतीस दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण विसरतो. ती मुलगी काम संपवून कपडे बदलावयास गेली असता तिच्यावर हा प्रसंग गुदरला. म्हणजे दुसऱ्यांच्या जीवास जपणारीच्या स्वतःच्या जीवास तिच्या कामाच्या जागी कोणी जपले नव्हते. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी अरुणेच्या उपचाराबरोबरच आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेची मागणी केली. त्यांस ह्या दोन मागण्या वेगळ्या वाटल्या नाहीत. शिवाय एकेचाळीस वर्षांची ती शुश्रूषा एका देवदूताने केलेली नव्हती. पुष्कळ हातांनी, पाळीपाळीने, एकमेकींस विसावा देत ती केली. व्रण पडला नाही तो प्रेमाने, आणि वळवावयास दर वेळी कोणीतरी हजर होते म्हणूनही.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सेवेस मोजमाप लाविले, तास व पगार ह्यांची भाषा सुरू झाली, की तिचे पावित्र्य जाते. ह्यास आमचे उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात आहे. त्या प्रवाशाने जखमी माणसास उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या रक्षकास पैसे दिले. वर अधिक खर्च झाल्यास तोही परत येताना भरून देण्याचे वचन दिले. दया स्वतः करावी, पण जो पुढे दिवसरात्र सांभाळणार आहे त्यास रिकाम्या हाताने राबवू नये, हे त्या परक्या माणसास कळत होते. आम्ही उपासनेत दयेचा अर्धा दृष्टांत सांगतो; पैसे मोजल्याचा अर्धा राहून जातो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: अधिक परिचारिका नेमावयास पैसा कोठून आणावा? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात २०१६ साली रुग्ण आणि परिचारिका ह्यांचे प्रमाण कायद्याने बांधून देण्यात आले. त्या रुग्णालयांची इतर रुग्णालयांशी तुलना करून २०२१ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, रुग्ण लवकर घरी गेल्याने व पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग टळल्याने वाचलेला पैसा हा नव्या परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तर असा कायदा १९९९ साली झाला व २००४ पासून अमलात आला. आपल्याकडे दंडक नाहीत असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेने सर्वसाधारण वॉर्डांसाठी, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांस एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांस एक परिचारिका असे प्रमाण ठरविले, आणि रजेवर जाणाऱ्यांच्या जागी शेकडा तीस अधिक नेमाव्या असेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील वेतनाविषयी शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे सरकारी वेतनाइतके वेतन, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २०,००० रुपयांहून कमी नाही. रुग्णालयातील सेवकांवर हात उचलणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा महाराष्ट्राचा कायदाही २०१० साली झाला. उणीव कागदाची नाही. अठ्ठावीस खाटांपाशी एकटीच मुलगी उभी असते, तेव्हा ते कागद कपाटात असतात, ही खरी उणीव आहे.

आपल्या नाशिकने तर ह्या गोष्टीचा विचार इतरांहून अधिक केला पाहिजे. २१ एप्रिल २०२१ ह्या दिवशी, करोनाचा कहर चालू असता, शहरातील डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या घरांचे दुःख शब्दांपलीकडचे आहे. परंतु महामारी त्या दिवशी थांबली नव्हती. ज्यांच्या डोळ्यांदेखत ती माणसे गेली, त्यांपुढे दुसऱ्या दिवशीही भरलेल्या खाटा होत्याच. अशा हातांस नंतर कोणी विसावा द्यावा, कोणी त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, ही व्यवस्था रुग्णालयाच्या कामाचाच भाग समजली गेली पाहिजे. ती उपकाराची बाब नव्हे.

आणि नाशिकजवळ त्याचे साधनही आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले ते ह्याच शहरात. राज्यभरातील परिचर्या महाविद्यालये त्यास जोडलेली आहेत. पेनसिल्व्हेनियाचे आकडे आम्ही वर दिले, कारण ते विश्वसनीय आहेत. पण आपल्या वॉर्डातील मावशी, खाटेशेजारी सतरंजी टाकून निजणारे नातेवाईक, दोन बस बदलून पाळीवर येणारी सिस्टर, हे सगळे पेनसिल्व्हेनियात नाही. ते येथेच मोजावे लागेल. कोणत्या पाळीस एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते, किती जणांस व्रण पडले, किती जण खाटेवरून पडले, किती औषधे उशिरा गेली, आणि त्याच महिन्यात परिचारिकांस किती झोप व किती सुट्या मिळाल्या, एवढ्या साध्या नोंदी शेजारी शेजारी मांडून दरवर्षी लोकांपुढे ठेवाव्या. मग वाद घालावा लागणार नाही, आकडे बोलतील.

आता त्या पालकांस आमचे उत्तर. महाशय, आपण सांगितलेल्या अडचणींपैकी एकही खोटी नाही, आणि त्या दिवशी आम्ही त्या गोड शब्दांखाली झाकल्या, ही आमची चूक झाली. परंतु त्यांवरून मुलीने हा मार्ग सोडावा असे ठरत नाही. आपण आजारी पडलो की आपणांस उत्तम परिचारिका हवी, पण ती दुसऱ्याच्या घरची असावी, हे आपण किती दिवस म्हणणार? तिला अवश्य जाऊ द्या. मात्र डोळे उघडे ठेवून जाऊ द्या. जेथे नोकरी धरावयाची तेथे वेतन काय, एका पाळीस किती रुग्ण, रात्री घरी पोहोचविण्याची सोय काय, हे आपण तिच्याबरोबर जाऊन विचारा. असे विचारणारे पालक वाढले, म्हणजे उत्तरेही सुधारतील.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. कधी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला, तर भेटीची वेळ पाळा, खाटेभोवती गर्दी करू नका, आणि सिस्टरांस बोलावताना आवाज चढवू नका. घरच्या रुग्णास पाणी देणे, उशी सारखी करणे हे तुमच्या हातून होण्याजोगे आहे. ते तुम्ही करा, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. घरी वडील माणसे रागाच्या भरात तिला टाकून बोलू लागली, तर नम्रपणे त्यांस विचारा की, आज ह्यांच्याकडे किती रुग्ण आहेत? आम्ही तो प्रश्न उशिरा विचारला. तुम्ही आधी विचारावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.